शब्द : तारक आणि मारक
(ख्रिस्ती दृष्टिकोनातून एक विचार)

जिभेला हाड नसते असे आपण म्हणतो. हाड नसलेला हा लहानसा अवयव मात्र समोरच्या माणसाचे मन मोडू शकतो आणि मोडलेले मन पुन्हा उभेही करू शकतो. 'वाणी ही मानवाला लाभलेली श्रेष्ठ देणगी आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधात आपण सर्वांनीच लिहिलेले आहे. परंतु त्या देणगीचा हिशेब आपण कधी ठेवतो काय? पै-पैचा हिशेब ठेवणारा मनुष्यही शब्दांच्या बाबतीत उधळ्या असतो. दिवसभरात आपण किती बोललो, कोणाला बोललो आणि त्याचे पुढे काय झाले, याचा विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर फारच थोडे लोक करीत असतील.

मी नगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. लहानपणापासून रविवारच्या शाळेत आणि उपासनेत जे ऐकले, त्याचा पुन्हा एकदा नीट विचार करावा असे गेल्या वर्षातील काही अनुभवांमुळे वाटले. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. पवित्र शास्त्राच्या आधाराने कठोर बोलण्याचे आणि प्रेमळ बोलण्याचे परिणाम काय होतात, हे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. वाचक कोणत्याही धर्माचा असो, जीभ सर्वांनाच आहे. म्हणून हा विषय सर्वांचाच आहे असे मला वाटते.

बायबलमध्ये शब्दाला फार मोठे स्थान दिलेले आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव हाताने काही घडवीत नाही, तो बोलतो आणि प्रकाश होतो. नव्या करारात योहानाने ख्रिस्तालाच 'शब्द' असे म्हटले आहे. म्हणजे ख्रिस्ती विचाराप्रमाणे शब्द म्हणजे तोंडातून निघालेली नुसती हवा नव्हे. शब्द ही एक कृती आहे. शब्दाने काहीतरी निर्माण होते किंवा काहीतरी नष्ट होते.

याकोबाच्या पत्रातील तिसरा अध्याय तर जिभेवरच लिहिलेला आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या गलबताचे छोटे सुकाणू आणि रान पेटविणारी ठिणगी असे तीन दृष्टांत तेथे दिले आहेत. तिन्हींत वस्तू लहान आणि परिणाम मोठा. परंतु मला त्या अध्यायातील दुसराच एक विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. याकोब विचारतो की, ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो तिनेच माणसाला शाप कसा देतो? कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण झालेला आहे. म्हणून माणसाचा अपमान हा त्याच्यापुरता राहत नाही, तो त्याला घडविणाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. 'वाईट बोलू नये' हा आपल्याकडे शिष्टाचाराचा नियम मानला जातो. याकोबाने तो श्रद्धेचा प्रश्न केला.

आता जुन्या करारातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही शास्ते या पुस्तकात आहेत. गिदोनाने अवघ्या ३०० माणसांनिशी मिद्यानी सैन्याची दाणादाण उडविली. एफ्राइम वंशाच्या लोकांना त्याने मागाहून बोलाविले आणि त्यांनी यार्देन नदीचे उतार रोखून शत्रूचे दोन सरदार पकडले. तरीही, 'लढाईला निघताना आम्हांला का बोलाविले नाही?' म्हणून ते गिदोनावर चिडले आणि भांडायला उभे राहिले. गिदोन विजयी होता, त्याला चार शब्द सुनावता आले असते. पण त्याने उत्तर दिले ते असे की, तुमच्यापुढे मी काय केले आहे? माझ्या घराण्याच्या साऱ्या द्राक्षपिकापेक्षा तुमच्या मळ्यातला सरवा चांगला. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत दिलेले हे उत्तर. ते ऐकून त्यांचा राग निवला आणि भांडण तेथेच संपले.

पुढे काही काळाने इफ्ताह नावाच्या पुढाऱ्याने अम्मोनी लोकांचा पराभव केला. तेच एफ्राइमी लोक तीच तक्रार घेऊन आले. या वेळी त्यांनी, 'तुझ्यासकट तुझे घर जाळून टाकू' अशी धमकी दिली आणि इफ्ताहाच्या गिलादी लोकांना पळपुटे म्हणून हिणविले. इफ्ताहाने जशास तसे उत्तर दिले. त्याचे म्हणणे खोटे होते असे नाही. 'मी हाक मारली तेव्हा तुम्ही आला नाहीत' एवढेच तो म्हणाला. परंतु शब्दाला शब्द वाढला आणि लढाई जुंपली. एफ्राइमी हरले, आणि पळून जाताना पुन्हा त्याच यार्देन नदीच्या उतारांवर आले. तेथे गिलादी पहारेकरी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला सांगत. एफ्राइमी लोकांना 'श' म्हणता येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. तेवढ्यावरून त्यांना ओळखून ठार मारले जाई. त्या वेळी ४२,००० एफ्राइमी मेले असे शास्त्र सांगते. हे एकाच देशाचे, एकाच देवाला मानणारे लोक होते. तक्रार तीच आणि नदीही तीच. पण एका वेळी नम्र उत्तराने भांडण मिटले आणि दुसऱ्या वेळी नदीकाठी प्रेतांचा खच पडला.

रहबाम राजाची गोष्टही अशीच आहे. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याला विनंती केली की, तुझ्या बापाने आमच्यावर लादलेले ओझे हलके कर. वृद्ध मंत्र्यांनी गोड शब्दांत उत्तर देण्याचा सल्ला दिला. त्याने तो टाकला आणि बरोबरीच्या तरुणांचे ऐकून उद्दाम उत्तर दिले. परिणामी दहा वंश कायमचे वेगळे झाले. राज्य दुभंगायला परकीय सैन्य लागले नाही. राजाची जीभ पुरेशी झाली.

'शिब्बोलेथ'ची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण तिचा अर्थ मला महाविद्यालयात आल्यावर कळला. प्रथम वर्षात एका तासाला मला उभे राहून पाठ्यपुस्तकातील उतारा वाचण्यास सांगण्यात आले. 'शेवटी' हा शब्द मी 'सेवटी' असा वाचला आणि 'पाणी'चे 'पानी' केले. वर्ग हसला. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. हसणाऱ्यांना पुढच्या तासापर्यंत त्याची आठवणही राहिली नसेल. पण 'सेवटी' हे माझे नाव पडले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणण्यापलीकडे तोंड उघडले नाही. विचारावेसे प्रश्न मनात येत आणि मनातच विरून जात. नदीच्या उतारावर आपल्यालाही कोणी अडविले आहे, असे मला वाटत असे.

यावरून कठोर बोलण्याचा एक परिणाम माझ्या ध्यानात आला. कठोर शब्दाने माणसाला दुःख होते, राग येतो, वैर वाढते, हे सर्व आपण जाणतोच. पण त्याचा सर्वांत खोल परिणाम असा की, तो माणसाला मुका करतो. ज्याला वारंवार टाकून बोलले जाते तो हळूहळू बोलणेच सोडून देतो. घरात सून गप्प होते, वर्गात खेड्यातला मुलगा गप्प होतो, बैठकीत गरीब गप्प होतो. आणि आपण समजतो की, याला सांगण्यासारखे काही नाहीच.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात खुनाच्या आज्ञेबरोबरच रागाचा आणि अपशब्दाचा विचार केला आहे. भावाला 'राका' म्हणणे, म्हणजे बिनडोक म्हणून हिणविणे, हा गुन्हा त्याने हत्येच्या शेजारी ठेवला. लहानपणी मला हे फार कडक वाटे. एका साध्या शब्दाला एवढी शिक्षा कशाला? आता वाटते की, ज्याला बिनडोक म्हटले जाते त्याच्यातले काहीतरी खरोखरच मरते, हे प्रभूला ठाऊक होते.

याउलट शुभवर्तमानांत येशू माणसांना बोलते करताना दिसतो. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसण्यास दटावले. येशू थांबला, त्याला जवळ बोलाविले आणि, 'मी तुझ्यासाठी काय करावे?' असे विचारले. आंधळ्याला काय हवे असणार हे कोणालाही कळले असते. तरीही त्याने ते त्याच्याच तोंडून वदवून घेतले. दुसऱ्या एका प्रसंगी बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी त्याने त्याला गर्दीतून बाजूला नेले. ज्याचे बोलणे अडखळते त्याला चारचौघांत उभे करू नये, एवढी काळजी त्या बाजूला नेण्यात मला दिसते.

स्वतः येशू गालील प्रांतात वाढला आणि त्याचे शिष्यही बहुतेक तिकडचेच. यरुशलेमच्या लोकांना त्यांची बोली वेगळी वाटत असे. येशूला पकडले त्या रात्री अंगणात शेकत बसलेल्या पेत्राला लोकांनी त्याच्या बोलण्यावरूनच ओळखले. तो घाबरला आणि त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. पुढे पुनरुत्थित येशू त्याला तलावाच्या काठी भेटला. तेव्हा त्याने विश्वासघाताची आठवण देऊन त्याला झोडपले नाही. 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' असे तीनदा विचारले आणि तीनदा काम सोपविले. नंतर पन्नासाव्या दिवशी हाच पेत्र यरुशलेमात हजारोंच्या पुढे उभा राहून बोलला. ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले ते याचे की, बोलणारे सगळे गालीली असून प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येत होते. तोच माणूस आणि तीच गावाकडची बोली. पण आता भीती उरली नव्हती. मधल्या काळात त्याला क्षमेचे शब्द मिळाले होते आणि पवित्र आत्म्याचे बळ मिळाले होते.

प्रेमळ शब्द किती दूरवर जातो याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. त्याच डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. तो काळ लक्षात घेतला तर साहेबाने नेटिवाशी कसे वागावे याची रीत ठरलेली होती. परंतु या गृहस्थाने टिळकांशी आदराने बोलणे सुरू केले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. मग त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि प्रार्थनापूर्वक वाचण्यास सांगितले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन खिळले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी लिहिलेली भक्तिगीते आजही मराठी चर्चमध्ये दर रविवारी गायिली जातात. आमच्या गावात ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही ती तोंडपाठ आहेत. त्या प्रवाशाने डब्यात एखादा तुच्छतेचा शब्द काढला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

टिळकांचा स्वभाव तापट होता, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लपविलेले नाही. पण धर्मांतरासारख्या मोठ्या प्रश्नावर त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या आणि स्वतःच्या विचाराने १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लग्न झाले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ते टिळकांनी शिकविले. १९१९ साली टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' मराठीतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत गणली जातात, तीही घरातल्या साध्या बोलण्याच्या भाषेत लिहिलेली. एका निरक्षर मुलीला कोणी 'तुला काय कळते?' म्हणून कायमचे गप्प बसविले असते, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्याला मुकली असती!

येथे एक शंका निघते. प्रेमळ बोलणे म्हणजे गोड बोलणेच काय? गोड बोलून गळा कापणारेही जगात आहेत. एदेन बागेतला सर्प हव्वेशी उद्धटपणे बोलला नव्हता, आणि यहूदाने प्रभूला धरून दिले ते मुका घेऊन. उलट शास्त्री-परूशी यांच्या ढोंगावर येशूने अत्यंत कडक शब्दांत टीका केली. तेव्हा कसोटी शब्दाच्या गोडीची नाही. पौलाने इफिसकरांस लिहिताना सत्य आणि प्रीती यांची जोडी घातली आहे आणि ऐकणाऱ्याची उन्नती होईल असे बोलण्यास सांगितले आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूने दोषी ठरविले नाही, परंतु पुन्हा पाप करू नकोस हेही तिला सांगितले. म्हणून दुबळ्याला ठेचणारा शब्द कठोर, मग तो कितीही शुद्ध असो. आणि माणसाला उभे करणारा शब्द प्रेमळ, मग तो कडू का असेना.

इथपर्यंत लिहून लेख संपविता आला असता. परंतु दुसऱ्याच्या जिभेबद्दल लिहून स्वतःच्या जिभेबद्दल गप्प राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रथम वर्षाच्या नाताळच्या सुटीत शहरातले दोन मित्र माझ्या घरी आले होते. माझी आई शिकलेली नाही, रोजंदारीने खुरपायला जाते. रात्री जेवणापूर्वी घरची प्रार्थना तीच करीत असे. त्या रात्रीही ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि, 'हे परमेसरा, या लेकरांना...' अशी सुरुवात केली. मित्रांपैकी कोणी हसला की नाही हेही मला आज खात्रीने सांगता येत नाही. मी मात्र डोळे उघडले आणि म्हणालो, "आई, परमेसर नाही, परमेश्वर. येत नाही तर मोठ्यानं कशाला करतेस?"

आई थांबली. मग 'आमेन' म्हणून भाकरी वाढू लागली. त्या दिवसापासून घरात प्रार्थना दादा करू लागले. आई कोपऱ्यात बसून नुसती ऐकत असे. मला वर्गाने गप्प केले होते. मी घरी जाऊन आईला गप्प केले. कठोर शब्द ज्याला लागतो तोच तो उचलून पुढच्यावर फेकतो, हा त्याचा दुसरा परिणाम मी स्वतःच्या हाताने सिद्ध केला.

द्वितीय वर्षात एका प्राध्यापकांनी तास संपल्यावर मला थांबवून घेतले. माझ्या उत्तरपत्रिकेतील एक मुद्दा त्यांना आवडला होता. ते म्हणाले, "हे वर्गात विचार. तुझ्या बोलीत विचार. उच्चार मागून येतात, प्रश्न मागून येत नाहीत." त्यांनी हे सर्वांसमोर सांगितले नाही, याचे मला अधिक बरे वाटले. पुढच्या आठवड्यात मी पहिला प्रश्न विचारला. कोणीही हसले नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा आई ओसरीवर बाजरी पाखडीत होती. मी तिला शिब्बोलेथची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "आई, नाताळात माझं चुकलं." ती सूप थांबवून म्हणाली, "आरं, तू शिकलेला. तुला लाज वाटली असंल." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या रात्रीही प्रार्थना दादांनीच केली. दुसऱ्या रात्रीही त्यांनीच केली. सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी आई उठून उभी राहिली. तिचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक होता. एक वाक्य परत घ्यायला मला जवळजवळ वर्ष लागले आणि ते पुरते परत आले आहे असे अजूनही मी म्हणू शकत नाही.

या सर्वांवरून काही साध्या गोष्टी मला घ्याव्याशा वाटतात. राग आला असता त्याच क्षणी उत्तर देऊ नये. रहबामाने तीन दिवस घेतले खरे, पण ते वाईट सल्ला ऐकण्यात घालविले. कोणाची चूक दाखवायची असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे प्रथम एकांतात दाखवावी. आज एखाद्याची थट्टा फोनवरून क्षणात साऱ्या वर्गापर्यंत पोहोचते, तेव्हा तर हा नियम अधिकच पाळला पाहिजे. आणि आपल्या शब्दाने कोणी दुखावले असेल तर देवाला अर्पण देण्यापूर्वी त्याच्याकडे जावे, हे प्रभूचे सांगणे टाळू नये. प्रत्येक व्यर्थ शब्दाचा जाब द्यावा लागेल असेही त्याने म्हटले आहे. तो जाब शेवटच्या न्यायाच्या दिवशी द्यायचा तेव्हा देऊच. पण पुष्कळदा तो आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या गप्प बसण्यातून मागितला जातो.

येत्या जूनमध्ये आपल्या महाविद्यालयात नवे विद्यार्थी येतील. त्यांतले कित्येक खेड्यांतून, वाड्यावस्त्यांवरून, घरातले पहिले म्हणून येतील. त्यांतला एखादा पहिल्याच तासाला 'सेवटी' म्हणेल. त्या वेळी आपण काय करतो, यावर तो पुढची तीन वर्षे बोलणार की नुसता 'हजर' म्हणणार, हे ठरेल. निदान आपल्या वर्गाच्या दारात तरी 'शिब्बोलेथ' विचारणारा पहारेकरी उभा नसावा, एवढीच माझी माझ्या बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.

— द्वितीय वर्ष, कला